शिरोलीचा पूल आणि होर्मुझची सामुद्रधुनी

आज सकाळी कोल्हापुरातल्या एका पंपावर रांग पार रस्त्यावर आली होती. कारण काय, तर एक फॉरवर्ड. 'आखातात जहाजं अडकली, उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही, सगळ्यांना कळवा.' खरं की खोटं कुणी विचारलं नाही. रांगेत पुढं एक पोरगा होता, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन. त्याच्या शेजारी चारचाकीतले एक काका काच खाली करून त्याला समजावत होते, "भावा, एवढं भ्यायचं कारण न्हाई. आपल्याकडं ऊस हाय, इथेनॉल हाय. जगाचं जगाला बघू दे." एवढं सांगून काकांनी स्वतःच्या गाडीची टाकी फुल करून घेतली.

दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरतंय. जगाचं जगाला बघू दे. आणि टाकी फुल!

आधी त्या फुल टाकीचाच हिशोब मांडू. एरवी दुचाकीवाला पंपावर दोनशेचं टाकतो, म्हणजे दोन लिटरच्या आसपास. बारा हजार लिटरचा टँकर खाली झाला की सहा हजार गाड्यांचं काम होतं. त्याच गाड्या भीतीपोटी आठ-आठ लिटर भरायला लागल्या तर दीड हजार गाड्यांत टँकर संपला. आज कोल्हापुरात कुणी एक किलोमीटर तरी जादा गाडी चालवली का? नाही. पेट्रोल फक्त पंपाच्या टाकीतून लोकांच्या टाक्यांत गेलं. दुपारी पंपावर 'पेट्रोल शिल्लक नाही'ची पाटी लागली आणि फॉरवर्ड पाठवणारा खरा ठरला.

१९७९ साली जगात नेमकं हेच झालं. इराणमध्ये क्रांती झाली, तिथलं उत्पादन कोसळलं, पण इतरांनी वाढवलेलं धरलं तर जगाच्या पुरवठ्यातली घट चारेक टक्क्यांचीच होती. तेवढ्यावर वर्षभरात भाव दुपटीपेक्षा वर गेला. का? तर प्रत्येक देशाची, प्रत्येक कंपनीची टाकी फुल करायची घाई. तेल कमी पडण्याआधी विश्वास कमी पडला होता. हातात कॅन घेतलेला पोरगा लोकांना दिसतो, चारचाकीतली ५० लिटरची टाकी दिसत नाही. जागतिक राजकारणातही तसंच चालतं.

ही घाई आवरायची कशी, याचा विचार जगानं त्याआधीच केला होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिका आणि नेदरलँड्सला तेल बंद केलं. तीनेक डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. ज्यांच्यावर बंदी आली ते एकटे पडले, बाकीचे आपापल्यापुरते गुपचूप सौदे करायला पळाले. त्या धड्यातून नोव्हेंबर १९७४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली. आयईए म्हणतात ती. आज ही संस्था सौर आणि बॅटरीवर मोठमोठे अहवाल काढते म्हणून लोकांना वाटतं ते अहवालांचं दुकान आहे. मुळात तो आपत्ती नियंत्रण कक्ष आहे.

कोल्हापूरकरांना हे समजायला अवघड नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. कोणत्या फुटाला कुणाला हलवायचं, हे पाणी येण्याआधी ठरलेलं असतं. पाणी दारात आल्यावर बैठक घेत नाहीत. १९७४ च्या करारातही अशाच पातळ्या आहेत. पुरवठा ७ टक्क्यांनी तुटला तर प्रत्येक सदस्य देशानं स्वतःचा वापर ७ टक्के कमी करायची तयारी ठेवायची. तूट १२ टक्क्यांवर गेली तर वापरकपात १० टक्के. आणि ज्याला कमी पडेल त्याला बाकीच्यांनी ठरलेल्या सूत्रानं द्यायचं, म्हणजे एकाच देशाला बाजूला काढून त्याचा गळा धरता येणार नाही. पुढं या आकड्यांपेक्षा जास्त लवचीक पद्धत आली. साठे सोडायचे ते सगळ्यांनी मिळून, एकाच दिवशी जाहीर करून. १९९१ च्या आखाती युद्धात सोडले, २००५ ला कॅटरिना वादळानंतर, २०११ ला लिबियाच्या वेळी, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर लागोपाठ दोनदा: मार्चला सुमारे ६ कोटी पिंपं, एप्रिलला १२ कोटी.

हे सगळं ज्या एका अटीवर उभं आहे ती अट साधी आहे. प्रत्येक सदस्यानं आदल्या वर्षीच्या निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवायचा. साठा नसेल तर क्लबात बसून करणार काय? आणि साठा मोजायची पद्धतही खडूस आहे. त्यातले १० टक्के सरळ वजा करतात, कारण टाकीच्या बुडातलं तेल उपसता येत नाही. हे पंपावर डिप रॉड, म्हणजे तेल मोजायची काठी, टाकीत घालणाऱ्या माणसाला विचारा. उपसायचा पाइप टाकीच्या तळापासून थोडा वर असतो, नाहीतर पाणी आणि गाळ गाडीत जाईल. त्याखाली उरतो तो डेड स्टॉक. आजच्या त्या पंपावर पाटी लागली तेव्हाही टाकीत काही शे लिटर असणारच. ते असून नसल्यासारखे.

आता भारताचा कच्च्या तेलाचा राखीव साठा बघा. विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळूरला १५ लाख टन, मंगळूरच्याच वरच्या अंगाला उडुपी जिल्ह्यात पाडूरला २५ लाख टन. एकूण ५३.३ लाख टनांच्या भूमिगत गुहा, म्हणजे सुमारे ३.९ कोटी पिंपं. पूर्ण भरल्या तर सरकारच्या २०१९-२० च्या हिशोबानं देशाची साडेनऊ दिवसांची गरज. साडेनऊ! तेलकंपन्यांच्या रिफायनऱ्या, पाइपलाइनी, डेपो यांतलं सगळं धरून सरकार ७४ दिवसांचा आकडा सांगतं. पण कंपन्यांचा साठा हा चालू धंद्याचा माल आहे. भट्टी सुरू ठेवायची तर तो लागतोच. तिजोरीतला पैसा आणि गल्ल्यातली चिल्लर एकत्र मोजल्यासारखं आहे ते.

या गुहा मात्र बघण्यासारखं काम आहे, त्याबद्दल वाकडं बोलणार नाही. आतून पोलाद नाही, काही नाही. भूजलाच्या पातळीखाली अखंड खडकात पोकळी कोरायची. भोवतीच्या पाण्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा जास्त ठेवला की तेल भेगांतून बाहेर न जाता पाणीच थोडं थोडं आत झिरपतं, ते तळातून पंपानं काढत राहायचं. त्यासाठी वरच्या बाजूला बोअर मारून पाण्याचा पडदा बारा महिने भरलेला ठेवतात. पडदा कोरडा पडला तर तेलाची वाफ खडकातून वाट काढणार. एप्रिल-मे २०२० मध्ये जगात तेल मातीमोल झालं तेव्हा आपण याच गुहा भरून घेतल्या आणि सरकारच्या सांगण्याप्रमाणं पाच हजार कोटी वाचवले. ते शहाणपण होतं. मग जुलै २०२१ मध्ये ओडिशात चंडीखोल आणि पाडूरचाच दुसरा टप्पा मिळून आणखी ६५ लाख टनांना मंजुरी दिली. मंजुरीत तेल साठत नाही. गुहा कोरायला वर्षं लागतात.

पैसा लागतो, हे मान्य. ७० डॉलरचा भाव धरला तर ३.९ कोटी पिंपं म्हणजे पावणेतीनशे कोटी डॉलर नुसते जमिनीखाली निजून. व्याज मिळत नाही, मतं तर नाहीच. जर्मनीत यासाठी कायद्यानं वेगळी संस्था आहे आणि तेलकंपन्या तिला वर्गणी देतात, शेवटी ती ग्राहकाच्याच लिटरमधून वसूल होते. आपण लिटरमागं कशाकशाचे कर देतो, त्यात हाही एक दिसेल असा लावा की!

आता काकांचा ऊस.

इथेनॉलला मी नावं ठेवत नाही. कारखान्यांच्या हाती रोकड आली, शेतकऱ्याची बिलं निघायला मदत झाली. ठीक. पण २० टक्के मिसळलं म्हणजे २० टक्के तेल वाचलं हा हिशोब चुकीचा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळं वाचतं ते तेरा-चौदा टक्के. तेही फक्त पेट्रोलचं. देशात सगळ्यात जास्त खपतं डिझेल. ऊस तोडून कारखान्यावर नेणारा ट्रॅक्टर डिझेलवर, साखर घेऊन जाणारा ट्रकही डिझेलवर.

आणि ऊस तरी कशावर वाढतो? आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात नत्र ४६ टक्के. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तर हेक्टरी ८७० किलो, म्हणजे ४५ किलोची एकोणीस पोती, एकरी सात-आठ. तो युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि देशातला जवळपास निम्मा वायू बाहेरून येतो, त्यात कतारचा वाटा मोठा. कतारचा गॅस २००४ पासून येतोय; वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला. त्या एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या वायूची जहाजं आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच येतात. काका, तुमच्या उसाच्या मुळाशी आखातच आहे हो!

शिवाय ऊस आपल्या मर्जीनं वाढत नाही. २०२३ ला पाऊस कमी झाला. ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, कारण साखर कमी पडेल. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या त्यांच्या टाक्या रिकाम्या. निर्बंध पूर्ण उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. एका पावसानं हललं ते इंधन जोडधंदा म्हणून उत्तम, त्याच्या जिवावर जगाकडं पाठ फिरवता येत नाही.

पेट्रोलचं तरी एक वेळ निभावेल. खरी भीती स्वयंपाकाच्या गॅसची आहे आणि तिथं कुणाचं लक्ष नाही. देशाला वर्षाला ३.१ कोटी टन एलपीजी लागतो, त्यातला साठ टक्क्यांहून जास्त आयात, आणि ती आयात वर्षानुवर्षं जवळपास सगळी आखातातून. हॉटेलवाल्यांच्या १९ किलोच्या सिलिंडरचा दर दर महिन्याच्या एक तारखेला का हलतो? कारण सौदी अरामको महिन्याचा करारभाव जाहीर करते, त्याच्यामागं आपला दर चालतो. म्हणजे मिसळीच्या कटाचा भाव काही अंशी धाहरानला ठरतो. आणि हा गॅस कच्च्या तेलासारखा ओतून ठेवता येत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांवर द्रव होतो, एरवी दाबाखालीच ठेवावा लागतो. मोठ्या गुहा दोनच: विशाखापट्टणमला ६० हजार टन आणि मंगळूरची नवी ८० हजार टन. रोजचा खप ८५ हजार टन. करा भागाकार. दोन दिवससुद्धा नाहीत.

होर्मुझ म्हणजे नेमकं काय, हे ज्यांनी २०१९ चा पूर बघितला त्यांना नकाशा लागत नाही. कोल्हापूरच्या वेशीवरचा, हायवेवरचा शिरोलीचा पूल आठवा. ऑगस्टमध्ये हायवेवर पाणी आलं, पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद. सांगली बाजूच्या डेपोंतून टँकर निघणार कसे? शहरातले पंप कोरडे पडले, जे उरलं ते अत्यावश्यक गाड्यांसाठी राखावं लागलं. २०२१ ला पुन्हा तेच. शहराला रस्ते दहा असतील, पण जड माल ज्यावरून येतो तो एकच. होर्मुझमधून २०२४ मध्ये रोज सुमारे दोन कोटी पिंपं जात होती, जगाच्या तेलवापराच्या पाचवा हिस्सा. जहाजांची येण्याची लेन तीनेक किलोमीटर रुंद, जाण्याची तेवढीच. पर्यायी वाट म्हणजे सौदीची तांबड्या समुद्रावर यान्बूपर्यंत जाणारी पाइपलाइन आणि अमिरातीची फुजैराची. हायवे बंद पडल्यावर फोंडा घाटातून जेवढं येईल तेवढंच. कुवेत आणि कतारला तर तो घाटही नाही.

आणि सामुद्रधुनी बंद पडायला तोफा लागत नाहीत. जगातल्या सुमारे ९० टक्के जहाजांच्या टनेजचा दायित्वाचा विमा लंडनभोवती जमलेल्या मोजक्या विमा क्लबांकडं असतो, युद्धजोखमीचा विमा त्यावर वेगळा. त्याचा हप्ता वाढला किंवा पॉलिसी मागं घेतली की कप्तान नांगर टाकून बसतो. माल आहे, जहाज आहे, पाणी आहे, कागद नाही. अशा वेळी उपयोगी पडतात ते संबंध आणि नियम, छातीचा घेर नव्हे.

कुणी म्हणेल, दीर्घ मुदतीचे करार आहेत की. आहेत. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीनं २०१२ मध्ये रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी वीस वर्षांचा करार केला होता, वर्षाला २५ लाख टन एलएनजी. २०२२ ला युद्ध पेटलं, त्या कंपनीची जर्मनीतली मूळ शाखा जर्मन सरकारनं ताब्यात घेतली आणि ठरलेली जहाजं भारतात आलीच नाहीत. युरोपला गॅस हवा होता. करारात दंड होता. गेलनं १८० कोटी डॉलर मागितले आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटींवर मिटवलं. दंडाच्या पैशानं भट्टी पेटत नाही. त्याच २०२२ मध्ये पाकिस्ताननं एलएनजीची निविदा काढली तर एकही बोली आली नाही, अंधारात बसले बिचारे. शेजाऱ्याचं बरं झालं म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की रांगेत पाकिस्ताननंतरचा नंबर आपला होता.

तर हो, श्रीमंतांनी टाकी फुल करून घेतली. आयईए हा श्रीमंतांचा क्लब आहे, तिथं बसून ते आपल्याला रशियाचं तेल घेऊ नका म्हणतील, हेही खरं. म्हणून बाहेर राहायचं? भारत मार्च २०१७ पासून त्यांचा सहयोगी सदस्य आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण सदस्यत्व मागितलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी चर्चा सुरू केली. अडचण अशी की मूळ करारात ओईसीडीचा, म्हणजे प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या संघटनेचा सदस्य असायची अट आहे, आणि आपण तिचे सदस्य नाही. ती अट त्यांनी बदलावी. जगात तेलाची मागणी जिथं वाढतेय त्या देशाला दाराबाहेर उभं करून कसली ऊर्जा सुरक्षा? पण आपणही ९० दिवसांची तयारी दाखवायला हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या हाकेला ओ देऊन आपण साठ्यातून ५० लाख पिंपं सोडायचं जाहीर केलं. आपला एका दिवसाचा खपही त्यापेक्षा जास्त आहे. पंगतीत बसायचं तर शिधा सोबत न्यावा लागतो.

उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांना हे पटवावं लागत नाही. इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटांच्या आसपास वीज लागते. मध्येच लाइट गेली तर आधी धाव कॉइलच्या पाण्याकडं. ते पाणी थांबलं तर तांब्याची कॉइल जळते, आणि वेळ गेला तर वर धातूची साय धरते, खाली रस पातळच राहतो, ती साय फोडायला जाणाऱ्याचा जीव धोक्यात. म्हणून पाण्याच्या पंपाला डिझेलचा जनरेटर ठेवतात. सगळ्या भट्टीला पुरेल एवढा नाही, फक्त नुकसान टळेल एवढा. राखीव साठा म्हणतात तो हाच. आणि ग्रीडचं, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या विजेच्या जाळ्याचं म्हणाल तर ३०-३१ जुलै २०१२ ला उत्तरेतल्या राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली, लाइनी ट्रिप झाल्या आणि साठ कोटींहून जास्त लोकांचा भाग अंधारात गेला. तरी ग्रीड तोडलं नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइन जोडून दक्षिणही त्यात घेतली आणि ओढण्याची शिस्त कडक केली.

माहितीचंही तेच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग चाललाय हे वेळेत कळलं नाही तर शिरोळमध्ये काय होतं ते सांगायला नको. धरणाची उंची ५१९ मीटर की ५२४ हा वाद कोर्टात चालू राहील, पण पावसाळ्यात दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांना पातळी कळवतात. भांडण वेगळं, फोन वेगळा. तेलातही रियाधहून चालणारी एक व्यवस्था आहे, जोडी म्हणतात तिला. विकणारे आणि घेणारे दोघंही दर महिन्याला उत्पादन, खप आणि साठ्याचे आकडे तिथं भरतात. आकडा लपवला की अफवा त्याची जागा घेते. आज सकाळी घेतली तशीच.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. त्याचा नंबर आला तेव्हा पंपावरच्या माणसानं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये द्यायला नकार दिला, बरोबरच होतं. पोरगा चिडला नाही. म्हणाला, "शिरोळकडचा हाय मी. एकोणीसला बोटीत घालायला पेट्रोल नव्हतं." मागचे सगळे गप्प झाले. काकासुद्धा. शेवटी कुणीतरी गाडीतला पत्र्याचा कॅन काढून दिला आणि त्याला पाच लिटर मिळालं.

तो ही पोस्ट वाचणार नाही, पण कुणाच्या घरी आज भरलेला कॅन असेल तर एक लक्षात ठेवा. ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, हवेतलं बाष्प ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाला बसतं आणि गाडी पहिल्या किकला तेच ओढते. झाकण घट्ट लावा, स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ ठेवू नका, आणि आठ दिवसांत गाडीत ओतून टाका. टँकर चार वाजता आलाय. रांग नाही आता.